धनुष्याला डोळा

निवृत्त माणसाच्या हाताला काम नसले म्हणजे त्याची नजर घरातल्या वस्तूंवर फिरू लागते, आणि ज्या वस्तूवर ती स्थिरावते तिचे काही खरे नसते. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, दुरुस्ती विभागात, उभा जन्म काढल्यावर आम्ही पहिली दोन वर्षे घरातले पंखे, शेजाऱ्यांची घड्याळे आणि सुनेचा मिक्सर यांवर निभावली. त्यानंतर आमची नजर कोपऱ्यात उभ्या असलेल्या नातीच्या धनुष्यावर गेली.

हे धनुष्य घरात आले ते २०२३ च्या ऑगस्टनंतर. त्या महिन्यात बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे एकाच दिवशी जगज्जेते झाले. अदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची. त्या दोघांची धनुष्ये टोकांना चाके लावलेली, आमच्या नातीचे साध्या वळणदार पात्यांचे. पण उत्साहाला असले भेद कळत नाहीत. पाहता पाहता पोरगी रोज संध्याकाळी मैदानावर जाऊ लागली, आणि तिचा भाता सांभाळायला आम्ही.

धनुष्यावर फोन बसवून चित्रण करण्याची कल्पना मात्र आमची नव्हे. अमेरिकेत धनुष्याने हरणांची शिकार करणारे लोक असा उद्योग करतात, हे आम्ही एका चित्रफितीत पाहिले होते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा प्रश्नच मिटवला. ज्या छत्तीसगडात कमार आणि पहाडी कोरवा लोकांची धनुष्ये पिढ्यान्‌पिढ्या रानात हिंडली, तिथे आमच्या नातीचे सावज म्हणजे साठ मीटरांवर गवताच्या पेंढ्याला टाचलेला १२२ सेंटिमीटर व्यासाचा कागद. तो पळत नाही, आणि त्याचा जीवही जात नाही. तरी त्याच्या मधल्या १२.२ सेंटिमीटरच्या वर्तुळाने आमच्या घरात जितकी रडारड घडवून आणली, तितकी एखाद्या वाघानेही घडवली नसती.

पहिले यंत्र सागवानी फळीच्या तुकड्याचे आणि सायकलच्या ट्यूबच्या रबराचे. मुठीखाली आवळून बांधले, फोन खोवला, आणि पहिल्याच बाणाला फोन उडून गवतात पडला. बाण सुटताना धनुष्य पुढे उसळी घेते, हे आम्ही विसरलो होतो. फोन सुनेचा होता, एवढे सांगितले म्हणजे पुढचे सांगायला नको.

तेव्हा हिशेबाने कामाला लागलो. धनुष्याच्या मधल्या दांड्याला मुठीखाली आटे पाडलेले एक भोक असते. त्यात तोल सांभाळणारी लांब दांडी बसते. त्याच्या खाली आणखी एक भोक असते, ते बहुधा रिकामेच राहते. तेच आम्ही हेरले. पण त्याचे आटे निघाले इंची मापाचे: पाच-सोळांश इंच, इंचाला चोवीस. आमची सारी नोकरी गेली मिलिमीटरमध्ये. १९५५ च्या करारानंतर हा कारखाना रशियन लोकांच्या मदतीने उभा राहिला, आणि मेट्रिक माप इथे आमच्याही आधीपासून नांदत होते. पॉवर हाउसच्या बाजारात दुकानदाराने आठ मिलिमीटरचा बोल्ट पुढे केला. दिसायला अगदी तसाच. फरक जेमतेम केसाएवढा. दोन आटे सुखाने आत जातात आणि मग बोल्ट अडतो. त्या वेळी जो माणूस पाना लावून जोर करतो, तो भोकाचा कायमचा सत्यानाश करतो. आम्ही जोर केला नाही; चाळीस वर्षांत एवढे शहाणपण आले होते. एका ओळखीच्या लेथवाल्याकडे बसून हवा तसा बोल्ट काढून घेतला. त्यावर ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी, पट्टीच्या टोकाला मोटरसायकलवर फोन धरणारा चिमटा, आणि मधे रबराच्या तीन चकत्या. चकत्यांना कारण होते. मोटरसायकलच्या कंपनांनी फोनच्या भिंगाची चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा २०२१ मध्ये ॲपल कंपनीनेच दिला होता. फोन एका बाजूला आल्यामुळे धनुष्य हातात फिरू लागले, म्हणून दुसऱ्या बाजूला जुन्या बेअरिंगची कडी लटकवली. फोनचा डोळा खालून वर, नातीच्या हाताकडे आणि चेहऱ्याकडे वळवलेला होता. बाणाच्या आणि प्रत्यंचेच्या वाटेपासून सारे दूर.

आणि मग जे दिसले! बाणाचा वेग सेकंदाला सुमारे साठ मीटर. नेहमीच्या चित्रणात सेकंदाला तीस चित्रे निघतात. दोन चित्रांमध्ये बाण दोन मीटर गेलेला असतो, म्हणजे दिसतच नाही. सेकंदाला दोनशे चाळीस चित्रे घेतली, तर बाण प्रत्यंचेवर असतानाची तीन-चार हाती लागतात. त्यांत बाण सरळ नव्हता! मासोळीसारखा वळला होता. आम्ही आधी फोनला दोष दिला. फोन चित्र ओळीओळीने टिपतो, म्हणून वेगवान वस्तू वाकडी दिसते. प्रत्यंचेचा नाग झालेला दिसत होता, तो या कारणानेच. पण बाणाचा बाक खरा होता. बोटांवरून सुटताना प्रत्यंचा बाजूला सरकते, मागून रेटा बसतो, बारीक बाण लवतो, आणि लवून धनुष्याला वळसा घालून निघतो. हिकमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९३० च्या दशकात हेच अतिवेगवान चित्रणाने दाखवले होते. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, फ्रान्सच्या मारेने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा करून उडत्या पक्ष्यांवर रोखला. सेकंदाला बारा चित्रे. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ अशीच चित्राचित्राने टिपली होती. या मंडळींच्या पंगतीत, शेवटच्या पाटावर का होईना, आपण बसलो, असे आम्हांला त्या रात्री वाटले. झोप आली नाही.

नात मात्र बाणाकडे पाहत नव्हती. ती आपला हात पाहत होती. बाण पुरता ओढला की एक पातळ पत्री ‘टक’ वाजते, आणि मग सोडायचे, असा नियम. चित्रात तिचा डावा हात त्या आवाजाच्या किंचित आधी खाली झुकत होता, आणि पापण्या मिटत होत्या. तिने ते सात वेळा पाहिले. मग म्हणाली, “आजोबा, मी घाबरते?”

आम्ही म्हणालो, “अगं, कळले म्हणजे सुधारता येते.” कारखान्यात हे खरे असते. शाफ्ट कुठे थरथरतो ते सापडले की निम्मे काम झाले. पण शाफ्टला आपण थरथरतो हे कळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिचा बाण सुटेना. ओढायची, थांबायची, खाली घ्यायची. पुन्हा ओढायची. तिरंदाजांमध्ये हा जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला आजार आहे. चांगले चांगले त्यात वर्षे घालवतात. निवड चाचणी पंधरा दिवसांवर आली होती. आम्ही मात्र रोज फोन पुसून, रबराची चकती बदलून हजर! आमच्या पट्टीची थरथर कमी होत होती आणि तिची वाढत होती, हे आम्हांला दिसले नाही, असे म्हणणे सोयीचे आहे. दिसले होते. पण पट्टी इतकी छान जमली होती.

अखेर तिच्या प्रशिक्षकांनी काही न बोलता, नुसत्या दोन बोटांनी, बोल्ट सैल केला आणि सारे यंत्र आमच्या हातात ठेवले. स्पर्धेत धनुष्यावर विजेचे उपकरण चालतच नाही, हे आम्हांला ठाऊक होते. तरी वाईट वाटले. घरी येताना ती म्हणाली, “तुम्हांला राग आला?” आम्ही नाही म्हणालो. ते पुरते खरे नव्हते.

चाचणीत तिची निवड झाली नाही. बाण मात्र सगळे सुटले, वेळेत सुटले. यंत्र महिनाभर खिडकीत पडून होते.

परवा ती स्वतःच ते घेऊन आली. “फोन पुढे तोंड करून लावता येईल? बाण जाताना दिसू दे. माझा हात नको.” लावता येईल, पट्टी उलटी वाकवावी लागेल आणि बेअरिंगची कडी थोडी जड हवी. ॲल्युमिनियम दोनदा वाकवले की चिरते, म्हणून उद्या सुपेल्याला जाऊन नवी पट्टी आणणार आहोत.