सोनूबाईचं नाव

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ही म्हण माझा पिच्छा सोडत नाही. स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेताना माझं लक्ष आधी स्वतःच्या मनगटाकडे जातं.

पण सोनूबाईला हे नाव दिलं कुणी? आईबापांनी, नाहीतर लग्नात सासरच्यांनी. माझाही बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. नाव आधी आलं, त्याला जागायचं ओझं मागाहून. म्हण मात्र सगळा बोल तिलाच लावते.

आणि कथलाला तरी इतकं हिणवायचं कशाला? पितळेच्या पातेल्याला आतून कथलाचीच कल्हई लागते. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि ते थिजायच्या आत कापसाने झरझर पसरून घ्यायचं. ही कल्हई उडाली की ताक कळकतं, आमटी कळकते, खाणाऱ्याला बाधते; मग पातेलं बाहेरून कितीही लखलखीत असो. शिवाय ती टिकत नाही, पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. मला हे फार खरं वाटतं. एकदा ख्रिस्ती झालो की झालो, असं मला कधी वाटलंच नाही.

लक्ष्मीबाई टिळक मग नेमक्या कधी ख्रिस्ती झाल्या? त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या पार कोलमडल्या होत्या. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना दिसतं, की सोवळंओवळं आणि जात त्यांच्या मनातून आधी गळाली, बाप्तिस्मा त्यानंतर. डोक्यावर पाणी पडलं त्या दिवशी, की कुणाच्याही हातचं पाणी प्यायला मन राजी झालं त्या दिवशी? माझा कल दुसऱ्या दिवसाकडे आहे.

टिळकांनी तर १९१७ साली मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताला मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसांनाही तिथे जागा होती. तो दरबार मला हवासा वाटतो.

तरीही मन अडतं. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, टिळक – ‘ख्रिस्ती’ या नावापायी यांच्यापैकी कुणाची सख्खी माणसं दुरावली, कुणाचा समाज तुटला. मला ते फुकट मिळालं. फुकट मिळालेलं नाव ‘नसलं तरी चालेल’ म्हणून बाजूला ठेवायचा अधिकार मला आहे का? टिळकांनी स्वतःचा बाप्तिस्मा कधी नाकारला नाही. दरबार उघडताना नाव त्यांना गौण वाटत होतं, की इतकं मोलाचं, की ते कुणावर लादू नये? दोन्ही उत्तरं मला पटतात, आणि दोन्ही एकदम खरी असतील असंही वाटत नाही.