डावा कान

गेल्या ज्येष्ठात माझ्या डाव्या कानाने माझ्याशी असहकार पुकारला. तो एकाएकी बंद पडला असता तर निदान दुःखाला एक निश्चित तिथी तरी मिळाली असती. पण तो फार दिवसांपासून, मला न सांगता, थोडेथोडे काम कमी करीत आला होता. वर्गातल्या डाव्या बाजूच्या बाकांवरून आलेला प्रश्न मी दोनदा विचारावयास लावी, आणि त्याचे खापर हल्लीच्या मुलांच्या पुटपुटण्यावर फोडी. अखेर पत्नीने मला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तेथे गादीने मढविलेल्या एका लहानशा खोलीत बसवून माझ्या कानांत एकामागून एक बारीक शिट्ट्या वाजविण्यात आल्या; ऐकू आली की बटण दाबावयाचे, असा खेळ वीस मिनिटे चालला. नंतर जो आलेख हाती पडला त्यावर दोन रेघा होत्या. उजव्या कानाची रेघ वयाला शोभेल इतपत वाकली होती. डाव्या कानाची मात्र सेकंदाला दोन हजार कंपनांपर्यंत शहाण्यासारखी चालून पुढे जी कोसळली, ती चार हजारांपाशी साठ डेसिबलच्या खाली जाऊन थांबली. पुढे आणखी तपासण्या झाल्या. भिण्यासारखे काही निघाले नाही. गेलेले परत येणार नाही, एवढेच निघाले.

"म्हणजे मला नेमके काय ऐकू येत नाही?" मी विचारले.

"स, श, फ ही व्यंजने. पाखरांची किलबिल. बारीक घंटा."

"आणि झांजा?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी कुठल्याशा भजनी मंडळातला असावा, असा त्यांचा समज झालेला दिसला.

तो दूर करण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण खरी हकीकत भजनी मंडळाइतकी प्रतिष्ठित नाही. मला तबकड्या जमविण्याचे व्यसन आहे. आणि त्यातही ज्या संगीताला त्याचे चाहते 'फ्री जॅझ' म्हणतात व इतर सर्व लोक गोंगाट म्हणतात, त्याच्या तबकड्यांचे. आजमितीस त्या चारशे तीस भरतात. जॅझ म्हटला की एक चाल, तिच्याखाली स्वरसंघांचे एक ठराविक आवर्तन, आणि ते आवर्तन फिरत असता त्याच्या चौकटीत वादकाने करावयाची उपज, अशी सर्वसाधारण रीत होती. १९६० सालाच्या आगेमागे ऑर्नेट कोलमन, सेसिल टेलर आणि त्यांच्यासारख्या काही कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांनी ही चौकटच उतरवून ठेवली. चाल वाजवावी, आणि मग ती ज्या दिशेला नेईल तिकडे सर्वांनी एकमेकांचे ऐकत जावे. परत कोठे यावयाचे, हे आधी ठरविलेले नाही.

माझे वडील सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत मांडी न मोडता बसणारे गृहस्थ होते. जॅझशी त्यांचे वैर नव्हते. 'अलबेला' (१९५१) मधली सी. रामचंद्रांची गाणी त्यांना प्रिय होती, आणि त्यांच्या वाद्यवृंदात ट्रंपेट वाजविणारा चिक चॉकलेट हा आपल्या गोव्याकडचा, हे ते कौतुकाने सांगत. पण मी कोलमन लावला की ते पाच मिनिटे सभ्यपणे ऐकत आणि विचारीत, "यात सम कुठे आहे?" त्यांच्या हयातीत मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक असल्यामुळे मी उत्तराऐवजी व्याख्यान देत असे.

तर या आषाढ-श्रावणात, नवी तबकडी घ्यावयाची नाही आणि जवळ आहेत त्याच, कान आहेत तोवर, पुन्हा ऐकावयाच्या, असा मी नेम केला. प्रारंभ अर्थातच ज्या तबकडीवरून या संगीताला नाव मिळाले तिच्यापासून. ही मी १९९१ साली मुंबईच्या चोरबाजारात एका शिवणयंत्राखालून काढली. तिच्या वेष्टनाला एक चौकोनी खिडकी कापलेली असून तीतून आतल्या बाजूला छापलेल्या जॅक्सन पोलॉकच्या चित्राचा तुकडा दिसतो. विकणाऱ्याने फाटलेले वेष्टन समजून किंमत निम्मी केली, आणि मीही त्याचा गैरसमज तसाच राहू दिला. २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलमनने दोन चौकड्या एकत्र बसविल्या आणि सदतीस मिनिटे सलग वाजविले, ते यात आहे. ध्वनिमुद्रण असे की एक चौकडी सर्वस्वी डावीकडच्या ध्वनिक्षेपकातून येते आणि दुसरी उजवीकडच्या. डावीकडे स्वतः कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लाफारो व बिली हिगिन्स. उजवीकडे एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन व एड ब्लॅकवेल. दोन सॅक्सोफोनांची जुगलबंदी येथे नाही. डॉल्फीने बास क्लॅरिनेट हे खर्जातले, काहीसे घोगरे वाद्य घेतले आहे.

मी हेडफोन चढविले, आणि माझ्या ध्यानात आले की कोलमन दुसऱ्या खोलीत गेला आहे. त्याचे वादन बंद पडले नव्हते; पण त्या स्वराची धार, रडणाऱ्या माणसाचा श्वास मध्येच तुटावा तसा तो जो तुटतो ते तुटणे, हिगिन्सच्या झांजांची कड, हे सारे एखाद्या घोंगडीखाली गेले होते. मी खिन्न होऊन बसून राहिलो. आणि मग, दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे, उजवीकडे लक्ष दिले. तेथे डॉल्फी होता. चौतीस वर्षे तो तेथेच होता! कोलमन एक वाक्य बोलतो आणि डॉल्फी खालून, जणू ओट्यावर बसलेल्या एखाद्या खट्याळ काकाप्रमाणे, त्यावर काहीतरी पुटपुटतो. त्याची टिंगल करतो, त्याला हुरूप देतो, क्वचित त्याची चूक सावरून घेतो. हेडनचा बास लाफारोच्या चपळ बोटांना जमिनीवर धरून ठेवतो. मी हा संवाद इतकी वर्षे एका बाजूनेच ऐकत आलो होतो, कारण नाव कोलमनचे होते आणि मी नावे जमविणारा माणूस होतो. डॉल्फी १९६४ साली बर्लिनमध्ये मधुमेहाने वारला, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. लाफारो तर या मुद्रणानंतर सात महिन्यांच्या आत मोटार अपघातात गेला, वय पंचवीस. नंतर मी हेडफोन उलटे घालून तीच तबकडी पुन्हा लावली, म्हणजे कोलमन उजव्या कानाच्या वाट्याला आला. यावर पत्नीने दारातून विचारले, "अहो, ते उलटे घातलेत, कळतंय ना तुम्हाला?"

मध्ये काही तबकड्या मी अर्ध्यावर काढून ठेवल्या, हेही सांगितले पाहिजे. जॉन कोल्ट्रेनच्या १९६५ सालच्या 'असेन्शन' मध्ये अकरा वादक आहेत आणि संग्राहकांत तिच्याविषयी आदराखेरीज काही बोलण्याची चाल नाही. पण तिच्यात एकेकट्याने वाजविलेले भाग वगळले तर मला आता गर्दीच ऐकू येते, आणि तरुणपणीही तीच ऐकू येत असावी, असा संशय येतो. सेसिल टेलरचे मात्र काहीच बिघडले नाही. तो पियानोच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांवर पखवाजासारखा तुटून पडतो, आणि एखादा कान कमी असला तरी त्याचे फारसे अडत नाही.

खरी परीक्षा पुढे होती. आल्बर्ट आयलरची 'स्पिरिच्युअल युनिटी' ही तबकडी १० जुलै १९६४ ची. जेमतेम अर्ध्या तासाची, माणसे तीनच. आयलरचा सॅक्सोफोन लष्करी बँडचे संचलन, चर्चमधले भजन आणि अंगाईगीत यांच्या सीमेवर कोठेतरी हंबरडा फोडतो. गॅरी पीकॉक बास वाजवितो. आणि सनी मरे हा तालवादक ताल धरीतच नाही. तो झांजांवरून काठी अशी अखंड फिरवीत राहतो की सगळ्या संगीतावर पावसाची बारीक झिमझिम चालू आहे असे वाटावे. ती झिमझिम हाच या तबकडीचा प्राण. मी ती लावली, आणि पाऊस पडत नव्हता. उजव्या कानात काही शिंतोडे आले, इतकेच. खिडकीबाहेर खरा पाऊस चालला होता, त्यामुळे त्याचा तर काही दोष नाही ना म्हणून मी खिडकीही लावून पाहिली.

तेव्हा मी जे केले ते बत्तीस वर्षांच्या संसारात केले नव्हते. स्वयंपाकघरात जाऊन पत्नीला म्हटले, "जरा येऊन ऐकतेस का?" ती गांधर्व महाविद्यालयाची विशारद आहे. आयलर लागला की स्वयंपाकघराचे दार लोटून घ्यावयाचे, हा आमच्या घरचा जुना अलिखित करार. पदराला हात पुशीत ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली. "झांजा वाजताहेत का?" मी विचारले. "वाजताहेत की. थांबल्याच नाहीत अजून," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हा माणूस एवढा मोठ्याने रडतो, आणि मागचा त्याला थोपटत बसलाय." सनी मरेविषयी मी पुष्कळ वाचले आहे, त्यात मला हे सापडले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना ती काहीतरी गुणगुणत होती. मी दारात थबकलो. ती 'घोस्ट्स' ची चाल होती, आयलरची. एखादे लहान मूलही म्हणेल अशी सोपी. त्याचे प्रेत नोव्हेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये सापडले, हे मी तिला सांगितले नाही.

त्यानंतर रोज रात्री जेवणे आटोपल्यावर अर्धा तास, असा आमचा पाठ सुरू झाला. कोल्ट्रेनने मृत्यूच्या पाच महिने आधी, २२ फेब्रुवारी १९६७ रोजी, रशीद अली या एकट्या तालवादकाला घेऊन जे वाजविले ते 'इंटरस्टेलर स्पेस' या नावाने १९७४ साली निघाले. त्यात मंगळाच्या आरंभी तो स्वतः घुंगरांसारख्या घंटा हलवितो. घंटा मला आल्याच नाहीत. पत्नीने बोटांनी त्या खुर्चीच्या हातावर वाजवून दाखविल्या. सॅक्सोफोन सुरू झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मी वडिलांचा प्रश्न तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "सम नाहीये. आलापीत तरी कुठे असते?"

हे इतके साधे होते की मला वडिलांची फार आठवण झाली. जाऊन त्यांना अकरा वर्षे झाली.

परवा मी कोल्ट्रेनच्या पत्नीची, ॲलिस कोल्ट्रेनची, 'जर्नी इन सच्चिदानंद' लावली. हिच्या १९७१ सालच्या कार्नेगी हॉलमधील मैफलीचे मुद्रण २०२४ साली प्रथमच संपूर्ण निघाले आहे. दोन सॅक्सोफोन, दोन बास, दोन तालवादक, तंबोरा आणि पेटी असा त्यात थाट आहे. तिच्याबद्दल पुष्कळ गाजावाजा झाला, आणि तो अस्थानी नाही. पण मला ओढ मूळच्या स्टुडिओतल्या तबकडीची होती. ती तंबोऱ्याने उघडते. वेष्टनावर वाजविणाऱ्या व्यक्तीचे नाव नुसते 'तुलसी' असे आहे. मग सेसिल मॅकबीचा बास एक लहानसा फेर धरतो आणि त्यावर ॲलिसची हार्प पाण्यासारखी सांडते.

तंबोऱ्याची जवारी म्हणजे वरच्या सुरांचा मधमाश्यांसारखा गुंजारव. दोऱ्याचा जीव किंचित सरकला की तो हरवतो आणि उरतो तो नुसता तारेचा ठोका. मला तो ठोकाच ऐकू आला. माझ्या बालपणीच्या घरात कोपऱ्यात गवसणी घालून उभा असलेला जो तंबोरा वडील रविवारी जुळवीत, त्याचाही आवाज आता माझ्यापुरता असाच उरला असणार. श्रवणयंत्र पुढच्या महिन्यात यावयाचे आहे. डॉक्टर म्हणतात, त्याने बोलणे स्पष्ट होईल, संगीताचे सांगता येत नाही.

बासाचा फेर तिसऱ्यांदा की चौथ्यांदा आला तेव्हा मी पत्नीकडे वळलो. ती डोळे मिटून बसली होती. "जवारी लागलीय का?" मी विचारले. "अजून येतेय का ती? बासाखाली दबली नाही ना?"

तिने डोळे न उघडता एक हात वर केला.

"शू," ती म्हणाली. "थांबा हो जरा. ऐकू द्या."