मंद आच, एकच पातेले

घरातील वृद्ध व्यक्तीचे जेवण कमी होऊ लागले, की आपण प्रथम औषधांच्या यादीकडे पाहतो, मग दातांकडे, मग पोटाकडे. ही कारणे तपासून घ्यायलाच हवीत. परंतु त्यांच्या ताटात काय आहे आणि शेजारच्या ताटात काय आहे, हे ताडून पाहण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्या घरी ते ध्यानात आले, त्याची ही हकीकत.

नारायण पेठेतील आमच्या घरात चार पिढ्या नांदतात. सासूबाईंचे वय 86. आम्ही दोघे साठी ओलांडलेले. मुलगा आणि सून सकाळी आठ वाजता हिंजवडीला निघतात. नातू शाळेत जातो. गेल्या वर्षी चार महिन्यांत सासूबाईंचे वजन 47 किलोवरून 43 किलोवर आले. तपासण्यांत विशेष काही निघाले नाही. सैल झालेली कवळी बदलून घेतली. मऊ आहाराचा सल्ला मिळाला आणि त्यांचा स्वयंपाक वेगळा होऊ लागला. वरणभात मिक्सरमधून काढायचा, भाजी कुस्करायची, मसाला वर्ज्य. नातवाचा डबा, आमचे जेवण आणि त्यांचे जेवण, असे तीन स्वयंपाक करताना माझे गुडघे बोलू लागले. त्या मात्र दोन घास खाऊन ताट सरकवीत. एकदा म्हणाल्या, “अगं, तुम्ही सगळे आमटीभात जेवता आणि मी औषध जेवते.”

याच सुमारास सुनेने स्लो कुकर आणला. चिनी मातीचे जाड भांडे, त्याभोवती विजेवर तापणारे आवरण आणि वर घट्ट झाकण, एवढीच त्याची रचना. प्रेशर कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे तापमान सुमारे 120 अंश सेल्सिअसपर्यंत चढते. येथे ते उकळीच्या जरा खालीच राहते आणि पदार्थ चार-सहा तास संथपणे शिजतो. शिट्टी नाही, करपणे नाही, सतत ढवळणे नाही. आमच्या भांड्याची वीज 200 वॅट आहे. सहा तास अखंड चालले तरी सव्वा युनिटहून अधिक खर्च होत नाही.

सासूबाईंनी ते पाहताच ओळखीचे हसू आणले. “हा तर इकमिक कुकरचा नातू!” 1960 साली लग्न होऊन त्या या घरात आल्या, तेव्हा येथे इकमिक कुकर होता. बंगालमधील डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 च्या सुमारास तो तयार केला. उभा डबा, तळाशी कोळशाचे निखारे, मध्ये पाणी आणि त्यात एकावर एक रचलेली भांडी. वरण, भात, भाजी एकदम शिजे. निखारे घालून कीर्तनाला जावे आणि परत येऊन गरम जेवावे, अशी त्याची सोय होती. त्याआधीही चुलीच्या वैलावर डाळ ठेवून बायका इतर कामे उरकीतच असत.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकाचे नियोजन सासूबाईंकडे गेले. रविवारी संध्याकाळी त्या सांगतात आणि मी नातवाच्या पाटीवर आठवड्याचे बेत लिहिते. नियम एकच: पातेले एक, ताटे सर्वांची. उदाहरणार्थ, सोमवारी मुगाची डाळ आणि लाल भोपळा. एक वाटी डाळ, भोपळ्याच्या फोडी, साडेतीन वाट्या गरम पाणी, हळद व हिंग घालून सकाळी नऊला भांडे चालू करावे. साडेबारा-एकपर्यंत डाळ लोण्यासारखी होते. सासूबाईंचे दोन डाव आधी काढून रवीने घोटायचे, वर साजूक तूप आणि जिऱ्याची फोडणी. उरलेल्या डाळीला मोहरी, मिरची, गोडा मसाला व आमसूल. दोन्ही वाट्यांतील पदार्थाचे नाव एकच, आमटी. बुधवारी मुगाची गुरगुटी खिचडी, शुक्रवारी गाजर, दुधी व मसूर.

काही बारकावे अनुभवाने कळले. झाकण घट्ट असल्याने वाफ उडत नाही. म्हणून नेहमीपेक्षा पाणी कमी लागते. गाजर, बटाटा अशा कठीण भाज्या तळाशी घालाव्यात. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावे. आंबटाने डाळ शिजायची थांबते. झाकण वारंवार उघडले तर शिजण्याचा वेळ लांबतो.

सुरक्षिततेचे नियम मात्र काटेकोरपणे पाळावेत. कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये कधीही टाकू नये. त्यातील विषारी घटक मंद आचेवर नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा आणि मगच पुढे शिजवावा. सामिष घरांनी गोठलेले मांस थेट भांड्यात घालू नये. उरलेले अन्न दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावे आणि पुन्हा गरम करायचे ते गॅसवर, चांगली वाफ येईपर्यंत. वैशाखातल्या वळिवाने वीज गेली आणि किती वेळ गेली ते ठाऊक नसेल, तर अर्धवट शिजलेले अन्न टाकून द्यावे. वृद्धांना अतिसार झेपत नाही.

आणखी एक गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पातळ म्हणजे गिळायला सोपे, असे नेहमीच नसते. गिळण्याची क्रिया मंदावलेल्यांना पाण्यासारख्या वरणाने ठसका लागतो. दाटसर, एकजीव घास त्यांना सुरक्षित ठरू शकतो. जेवताना ठसका लागत असेल तर दाटपणा किती असावा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. प्रथिनांचेही तसेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 45 किलोच्या व्यक्तीला सुमारे 37 ग्रॅम. पंचवीस ग्रॅम मूगडाळीतून जेमतेम सहा मिळतात. म्हणून दोन्ही वेळा डाळ, शिवाय दूध, दही किंवा पनीर. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे.

तीन महिन्यांनी सासूबाईंचे वजन दीड किलो वाढले. आकडा लहान आहे, पण घसरण थांबली. श्रेय केवळ भांड्याचे नाही. नवी कवळी आहे, सर्वांबरोबरची पंगत आहे आणि बेत ठरविण्याचा मानही आहे. डाळ त्याच निवडतात, आणि मीठ कमी पडले तर मला बजावतातही. सकाळी दहा ते बारा हे दोन तास माझे मला परत मिळाले. त्यांपैकी एक मी गॅलरीत त्यांच्याजवळ बसून घालविते, दुसऱ्यात आडवी होते. शुश्रूषा वर्षानुवर्षे चालायची असेल, तर ती करणाऱ्याचीही तब्येत टिकायला हवी.

विकतचे यंत्र हवेच असे नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मुगाची खिचडी दहा मिनिटे खळखळून उकळावी, घट्ट झाकण लावून पातेले जुन्या गोधडीत गुंडाळावे आणि तासाभराने पुन्हा एक उकळी देऊन लगेच वाढावी. खर्च काही नाही. आठवड्यातून दोनच दिवस असा बेत करून पाहावा. आणि तो ठरविताना घरातील सर्वांत वयस्कर माणसाला प्रथम विचारावे, “आज काय करू या?”