कर्णाची बाजू

गेल्या हिवाळी सत्रात एम. ए.च्या वर्गावर पौराणिक कादंबरी शिकवीत होते. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’वर चर्चा चालू असताना मागच्या बाकांवर दोघेतिघे हमरीतुमरीवर आल्याचे लक्षात आले. वाद कर्णाचा नव्हता. ‘अटॅक ऑन टायटन’ या जपानी चित्रमालिकेतील एरेन नावाच्या नायकाचा होता. हाजिमे इसायामा यांची मूळ चित्रकथा २००९ ते २०२१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरील मालिका २०१३ ते २०२३ या काळात आली. मराठवाड्याच्या तालुक्यातालुक्यांतून आलेली ही मुले ती मोबाइलवर पाहत मोठी झाली आहेत, हे मला त्या दिवशी कळले. भिंतींच्या आड कोंडलेल्या एका मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला नरभक्षक राक्षस खातो. तोच मुलगा पुढे आपल्या माणसांच्या स्वातंत्र्यासाठी बेटाबाहेरच्या जगावर महाकाय राक्षसांचा लोंढा सोडतो आणि मानवजातीचा चार पंचमांश भाग पायांखाली तुडवला जातो. ‘त्याच्यापुढं दुसरा मार्ग ठेवला होता का कुणी?’ असे एकाचे म्हणणे. ‘मेलेल्यांत तान्ही लेकरं होती. त्यांच्यापुढं कोणता मार्ग होता?’ असे दुसऱ्याचे. मी त्यांना दटावणार, तोच एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘मॅडम, आपण तासभर कर्णाबद्दल हेच तर बोलतोय.’

तिचे म्हणणे खरे होते. अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती. त्या तासभरात मी जे बोलत होते, ते एका बाजूच्या वकिलाने बोलावे तसे होते आणि ती बाजू मी गेली तीसेक वर्षे लढवीत आले होते.

‘मृत्युंजय’ मी नववीत असताना वाचली. प्रत आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची होती आणि तिच्या समासांत अनेक हातांनी पेन्सिलीने लिहिलेले होते. द्यूतसभेच्या पानावर कोणी ‘यात कर्णाचे काय चुकले?’ असे लिहिले होते आणि त्याखाली वेगळ्या, बारीक अक्षरात ‘द्रौपदीला विचारा’ असे उत्तर होते. ते उत्तर मी खोडरबराने पुसले. माझ्या कर्णाबद्दल कोणी असे बोलावे, हे मला सहन झाले नव्हते. एका मुलीने दुसऱ्या कोणा बाईचे (अक्षर बाईचेच असावे, असे मला तेव्हाही वाटले होते) दोन शब्द पुसून टाकावेत, यात काही विपरीत आहे हे कळायला मात्र पुढे बरीच वर्षे जावी लागली.

मराठी वाचकाचा कर्णाशी असलेला संबंध हा निव्वळ आस्वादाचा संबंध नाही. तो पक्षपाताचा आहे. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ १९६२ साली आले. १९६७ साली इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि सावंतांची ‘मृत्युंजय’ ही दोन पुस्तके एकाच वर्षी प्रसिद्ध झाली. १९७३ मध्ये रणजित देसाई यांची ‘राधेय’ आली. पुढे दाजीशास्त्री पणशीकरांना ‘कर्ण खरा कोण होता?’ असा प्रश्न पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच विचारावासा वाटला. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ‘मृत्युंजय’ला पुढे मूर्तिदेवी पुरस्कार. पण घरोघरी पोचला तो सावंतांचा कर्ण. विश्लेषण करणाऱ्या ग्रंथाहून बाजू मांडणारी कादंबरी वाचकाला जवळची वाटली, यात नवल नाही. नवल याचे वाटते की, या दोन वाचनांत नेमका कशाविषयी मतभेद आहे, याचा विचार आम्ही अभ्यासकांनीही फारसा केला नाही. वाद कर्ण चांगला की वाईट असा मांडला गेला. खरा प्रश्न पुराव्याचा आणि साक्षीदारांचा होता.

प्रथम पुराव्याविषयी. कर्णाच्या समर्थनातील सर्वांत बळकट दुवा म्हणजे स्वयंवरातील अपमान. सूतपुत्राला वरणार नाही, असे द्रौपदीने भरमंडपात म्हटले. म्हणून द्यूतसभेत त्याचा तोल गेला. कार्य आणि कारण अशी ही नीट बसणारी जोडी आहे. परंतु भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदीचा तो नकार मुख्य पाठात नाही. प्रक्षिप्त ठरवून तो तळटीपांत टाकलेला आहे. संपूर्ण आवृत्ती १९६६ साली पुरी झाली असली, तरी सुकथनकरांनी संपादित केलेले आदिपर्व १९३३ सालीच पूर्ण झाले होते. कादंबरीकारावर चिकित्सक पाठाचे बंधन नसते, हे उघड आहे. शिवाय परंपरेने तो नकार जपला, यालाही एक अर्थ आहे. सभेतील कर्णाच्या बोलण्याला काहीतरी कारण असले पाहिजे, अशी निकड कोणा पूर्वसूरीला वाटली असली पाहिजे. कर्णाची बाजू घेणारे आपण पहिले नव्हेत. आपल्या आधी कोणी तरी संहितेतच हात घातला होता.

तो नकार बाजूला ठेवून सभापर्व वाचले, म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. धृतराष्ट्राचा पुत्र विकर्ण उठून द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे कारणे देऊन सांगतो. युधिष्ठिर स्वतःला आधी हरला होता, ती पाचांची पत्नी आहे, पणाला लावण्याची सूचना शकुनीची होती. त्याला कर्ण उत्तर देतो, आणि तेही युक्तिवादाने. सर्वस्व पणाला लावले, तेव्हा ती त्यात आलीच. अनेक पतींची स्त्री ही कुलस्त्री नव्हे, तेव्हा तिला सभेत कोणत्याही अवस्थेत आणण्यात वावगे काही नाही. पांडवांची आणि तिची वस्त्रे उतरवून घ्यावीत. त्याच्या स्वरात राग आहेच. पण ही अनावर भावनेच्या भरात गेलेली जीभ नव्हे. तो वादातला खंडनपक्ष आहे. सावंतांनी हा प्रसंग गाळलेला नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण कादंबरीत आपण तो दुखावलेल्या मनाचा उद्रेक म्हणून अनुभवतो, आणि उद्रेकाला क्षमा करणे सोपे असते.

आता साक्षीदारांविषयी. ‘मृत्युंजय’मध्ये सहा निवेदक आहेत: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. वेन बूथने ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’मध्ये (१९६१) जेन ऑस्टिनच्या ‘एमा’च्या संदर्भात दाखविले आहे की, ज्या पात्राच्या मनात आपल्याला दीर्घकाळ वास करू दिला जातो, त्याच्या दोषांसह आपण त्याचे होऊन जातो. सावंतांनी ही किमया एकाच्या नव्हे, सहांच्या द्वारे साधली आहे. पण या सहांत द्रौपदी नाही. ज्या प्रसंगावरून खटला उभा आहे, त्या प्रसंगातील फिर्यादीची जबानीच घेतलेली नाही. मी ही कादंबरी बारा वर्षे शिकवली, तिच्या निवेदनतंत्रावर परीक्षेत प्रश्न काढले. सहा नावे फळ्यावर लिहिली आणि सातवे नाव का नाही, असा प्रश्न एकदाही काढला नाही.

वर्गात मी हे बोलून दाखविले, तेव्हा इतका वेळ गप्प बसलेला एक विद्यार्थी उठला. तो म्हणाला, ‘मॅडम, रंगभूमीवर कृपाचार्य कूळ विचारतात, ते पान आम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. तो प्रश्न आमच्या बापालाही विचारला गेलाय. कर्ण आमच्याकडून काढून घेऊ नका.’ बाबासाहेबांनी १९५० साली ज्या शहरात महाविद्यालय उभे केले, ज्या शहरातून गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालविले आणि जेथील विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसांनी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे सोसले, त्या शहरात या वाक्याला सिद्धान्ताने उत्तर देता येत नाही. मी त्या वेळी दिले नाही.

पुढे मात्र एक विचार मनात घोळत राहिला. सूतपुत्राविषयीची आपली करुणा इतकी निर्धास्त का असते? तो सूतपुत्र नाही, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असते म्हणून तर नव्हे? कर्णाची तेजस्विता अखेर सूर्याची आणि कुंतीची ठरते. अधिरथाच्या घरची ठरत नाही. खराखुरा सूतपुत्र शोण आहे. कादंबरीत त्याला बोलू दिले आहे, पण थोरल्या भावाची कथा सांगण्यापुरते. सभेत ज्याचे कूळ काढले गेले, त्याने सभेतच एका स्त्रीचे शील काढले. या दोन अपमानांपैकी एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. हे त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला सांगितले. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, ‘मग दोन्ही पानं वाचू.’ मला त्याहून चांगले सुचले नसते.

एरेनच्या चाहत्यांचा वादही अशाच जागी येऊन थांबला आहे, असे या मुलांनीच मला समजावले. २०२१ च्या अखेरच्या प्रकरणात एरेनचा जिवलग मित्र, त्याने आपल्यासाठी संहार केला म्हणून, त्याचे आभार मानतो. त्यावर जगभरच्या वाचकांनी आक्षेप घेतले आणि २०२३ च्या मालिकेत तो संवाद बदलण्यात आला. मित्र आता त्या पापातला आपला वाटा मान्य करतो. आवडत्या पात्रासाठी संहितेत हात घालणे ही जुनी गोष्ट. येथे हात घातला गेला तो उलट दिशेने, हे मला विशेष वाटले.

व्यासांचा कर्ण स्वतः मात्र वकील मागत नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण नाकारतो, आणि दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना जे कटू बोललो, त्याचा आज पश्चात्ताप होतो, असे सांगतो. हा श्लोक कर्णाच्या थोरवीचा पुरावा म्हणून मी दर वर्षी वर्गात वाचते. या वर्षी तो वाचताना प्रथमच अडखळले. पश्चात्ताप पांडवांना बोलल्याचा आहे. द्रौपदीचे नाव त्यात नाही.

कर्ण मला आजही आवडतो. तो माझ्याकडूनही काढून घेतला जाणार नाही. पण दिवाळीत गावी गेले, तेव्हा त्या वाचनालयात जाऊन ती प्रत मागितली. ती केव्हाच जीर्ण होऊन बाद झाली होती. तिच्या जागी आलेली नवी प्रत चाळली. समास कोरे होते. द्यूतसभेचे पान काढून मी तिथे पेन्सिलीने ते दोन शब्द पुन्हा लिहावेत, असे मनात आले. पण ते अक्षर माझे नव्हते. आमच्या विभागाच्या प्रश्नपत्रिकेत या वर्षी एक नवा प्रश्न आहे: ‘मृत्युंजय’मध्ये द्रौपदी निवेदक असती, तर द्यूतसभेचा प्रसंग कसा सांगितला गेला असता, याची चर्चा करा.