पोटाची चाल आणि कानाचं यंत्र



दोन घास खाल्ले की पोट तट्ट फुगतं, सकाळी जेवलेलं संध्याकाळी जसंच्या तसं उलटून पडतं, ही तक्रार घरातल्या थोरल्या बायका कितीतरी दिवस अंगावर काढतात. ओवा, हिंग, सोडा सगळं होतं. आमच्या सासूबाईंचं दीड वर्ष असंच गेलं. मधुमेह वीस वर्षांचा. शेवटी निदान झालं गॅस्ट्रोपरेसिस, म्हणजे जठराची चाल मंदावणं. वाट कुठे अडलेली नाही, पण जठर अन्न पुढे ढकलतच नाही.

जठर ही नुसती पिशवी आहे असंच मला वाटायचं. ते जात्यासारखं काम करतं. मिनिटाला साधारण तीन लाटा येतात, अन्न दळत दळत खालच्या दाराशी नेतात, आणि घट्ट अन्नाचे कण एक-दोन मिलिमीटर इतके बारीक झाले की मगच दार त्यांना पुढे सोडतं. ही लय जठराच्या भिंतीतल्या खास पेशी धरतात, आणि त्यांच्यावर देखरेख असते व्हेगस नावाच्या नसेची. मेंदूतून निघून मान, छाती, हृदय करत पोटापर्यंत फिरत जाणारी ही दहावी नस. व्हेगस या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी भटकणारी. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की ही नसही दुखावते आणि त्या पेशीही कमी होतात. वर त्या वेळी रक्तात साखर जास्त असेल तर तेवढ्यानंही जठर मंद होतं.

तपासणीची गंमत सांगायलाच हवी. जगभर ठरलेली पद्धत अशी, की अंड्याच्या पांढऱ्या भागात किंचित किरणोत्सर्गी द्रव्य मिसळून ब्रेड आणि जॅमबरोबर खायला द्यायचं आणि चार तास फोटो काढत राहायचं. चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त अन्न जठरातच असेल तर चाल मंद. अंड्याचं नाव ऐकून आई उठूनच उभ्या राहिल्या. डॉक्टर बिचारे समजूतदार. म्हणाले, आपल्याकडे इडलीवरही ही तपासणी होते. तेव्हा मैत्रिणींनो, कुणाला ही चाचणी सांगितली तर आधीच विचारा, ऐन वेळी टेबलावरून उठून यायची वेळ नको.

आता यंत्राचं. भाच्यानं फोनवर जाहिरात पाठवली. कानाला चिमटा लावायचा, मंद करंट, आणि म्हणे पोट चालू. किंमत पाच आकडी. मी लगेच हसण्यावारी नेलं नाही, कारण मुळात कल्पना खोटी नाही. व्हेगसची एक बारीक शाखा कानात येते. कान साफ करताना काही जणांना ठसका लागतो तो तिच्यामुळेच. कानाच्या भोकाच्या वर जी खोलगट जागा आहे तिथे करंट दिला की निरोप मेंदूच्या देठाशी जातो, आणि तिथूनच जठराकडे उलट हुकूम सुटतात. कापाकापी नाही, भूल नाही. मानेवर धरायचं असंच एक यंत्र अमेरिकेत २०१७ पासून क्लस्टर डोकेदुखीसाठी मान्य आहे.

(कान टोचल्यानं व्हेगस जागी होते, म्हणून आपल्या पूर्वजांनी कर्णवेध सांगितला, असा निरोप तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. आपण टोचतो ती पाळी. पाळीत दुसरीच नस येते. परंपरा आहे म्हणून टोचूया की, खोटं शास्त्र कशाला जोडायचं?)

प्रश्न एवढाच, की निरोप गेला म्हणून जठर खरंच हलतं का? जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या संशोधकांनी २०२० मध्ये निरोगी माणसांच्या कानाला असा करंट दिला, तर जठराच्या लाटांची लय वाढली नाही, उलट थोडी मंदावली. मंद जठराच्या रुग्णांवर मानेच्या यंत्राचे छोटे प्रयोग झाले, त्यात मळमळ कमी झाली असं लोकांनी सांगितलं. पण त्यांत तुलनेला खोटं यंत्र नव्हतं, आणि मळमळ हा प्रकार असा की नुसत्या आशेनंही कमी होतो. मग डेन्मार्कमध्ये पोटाच्या तक्रारी असलेल्या सुमारे दीडशे मधुमेहींवर नीट प्रयोग झाला. कुणाला खरं यंत्र, कुणाला खोटं, आणि कुणाला काय दिलंय ते कुणालाच ठाऊक नाही. २०२४ मध्ये निकाल छापून आला: दोन्ही गटांत फरक नाही. आईंचा आजार नेमका त्याच जातीचा. मी भाच्याला तसं कळवलं. उद्या याहून चांगलं यंत्र निघालं तर बघू. आणि कुणी घेतलंच तर पेसमेकर असलेल्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

मग घरात काय केलं? पथ्याच्या कागदावर उकडलेला बटाटा होता, तो गेला. त्याऐवजी मऊ भात, मुगाच्या डाळीचं कढण, दुधी साल काढून शिजवून घोटलेला. तूप नावाला, कारण चरबीनं जठर आणखी रेंगाळतं. कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्यांचे दांडे बंद. आयुष्यभर ज्याला चांगलं म्हटलं तो चोथा या आजारात तसाच पडून राहतो. दिवसातून पाच वेळा एक-एक वाटी, शेवटची सूर्यास्ताच्या आत, आणि जेवल्यावर अंगणात फेऱ्या. लवकर जेवण तर आपल्या अंगवळणी पडलेलंच. आडवं व्हायच्या आधी चार तास हातात मिळतात.

अडलं ते दशलक्षणावरून. आई तीस वर्षं भाद्रपदात दहा दिवस एकाशन करतात. एकाच वेळी पोटभर जेवण हे या जठराला सगळ्यांत जड, आणि इन्सुलिनवर असताना धोक्याचं. डॉक्टरांचं त्यांनी ऐकलं नसतं. आर्यिका माताजींनीच विचारलं, "बाह्य तपात अनशनानंतर दुसरं कोणतं?" अवमौदर्य. भुकेपेक्षा कमी खाणं. आईंनी दहा दिवस तोच नियम घेतला, औषध-पाण्याची सूट ठेवून.

त्या सुटीची गरज चौथ्याच रात्री पडली. इन्सुलिन आपलं काम करून गेलं, अन्न मात्र जठरातच बसून राहिलं. रात्री अकराला साखर ५८. हात थरथरत होते, तरी ओठ मिटलेले. "सूर्य मावळल्यावर नाही." मी म्हटलं, "आई, या घडीला साखर हेच औषध, आणि औषधाची सूट तुम्हीच मागून घेतली आहे." माझ्याकडे बघत राहिल्या. ते दोन मिनिटं मी विसरणार नाही. मग णमोकार म्हणून ग्लुकोजचं पाणी घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी इन्सुलिनची वेळ बदलून दिली, जेवणाआधीऐवजी जेवणानंतर, आणि मात्रा कमी. आपल्या मनानं असा बदल कुणी करू नका. आता उशाशी ग्लुकोजची डबी असते. उलट्या बंद झाल्या नाहीत, पण रोजच्या होत्या त्या आठवड्यातून एखादी. वजन दोन किलोनं भरलं. कढणात जिरं घालू का, यावरून आमचं रोज वाजतं.