काठावरचे अंगण

‘लँडस्केपिंग’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. त्यामागे भाषेचे दारिद्र्य आहे असे मला वाटत नाही. परस, अंगण, वाडी, मळा, आमराई असे जमिनीचे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत; परंतु ते सारे उपयोगातून आलेले आहेत. परसात अळू लावतात, अंगणात वाळवण घालतात. दुरून पाहण्यासाठी जमीन मांडून ठेवावी ही कल्पना मुळात चित्रातली. इंग्रजीतला ‘लँडस्केप’ हा शब्दही सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच चित्रकारांच्या परिभाषेतून आलेला आहे. आधी चित्र आले आणि मग त्या चित्रासारखी जमीन करण्याची हौस आली.

हा विचार मी एरवी वर्गात मांडून मोकळा झालो असतो. पण आमचे घर महालात, शुक्रवारी तलावाच्या बाजूला आहे. तलाव आणि घर यांच्यामध्ये एक रस्ता, एवढेच अंतर. धाकट्या भावाने गेल्या वर्षी पुण्याहून एक आराखडा पाठवला. समोर हिरवळ, उरलेल्या अंगणात सगळीकडे गट्टू, विहीर बुजवून तिच्या जागी बसायचा ओटा आणि तलाव मोकळा दिसावा म्हणून कडुनिंब तोडायचा. “दादा, एवढं तळं समोर आहे आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसलोय,” असे त्याचे म्हणणे. घर नीट झाले तर भाड्याने तरी जाईल, नाहीतर विकून टाकू, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले. त्याचा निम्मा वाटा आहे. त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते.

पाठ करून बसलोय हे त्याचे निरीक्षण खरेच आहे, आणि ते एकट्या आमच्या घराचे नाही. महालातले जुने वाडे आत पाहतात. चौक, तुळशीवृंदावन, विहीर हे त्यांचे दृश्य. रस्त्याकडे भिंत आणि दिंडी. ज्या राजवाड्यामुळे या वस्तीला महाल हे नाव मिळाले, तो भोसल्यांचा काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा वाडा १८६४ साली जळाला, तरी घरे बांधण्याची ती रीत मागे राहिली. तलाव त्याही आधीचा, गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला. जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव, गांधीसागर अशी त्याची नावे बदलत गेली. तो बांधला गेला पाण्यासाठी. तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगाव येथे भोसल्यांची बाग आणि तलाव जोडीने आढळतात. तिथेही बागेची शोभा आधी पाण्याच्या हिशेबावर उभी असते.

आता भावाच्या आराखड्याकडे त्या हिशेबाने पाहू. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यात हिरवळ जगवायची तर रोज पाणी आणि वरचेवर खत हवे. आमच्या अंगणाचा उतार तलावाकडे आहे. पहिल्या जोरदार सरीबरोबर त्या खतातले नत्र आणि स्फुरद खाली जाणार. साचलेल्या पाण्यात त्यावर शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. जलपर्णीलाही हेच खाद्य लागते. आणि ही जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून जगभर गेली ती तिच्या जांभळ्या फुलांसाठी, शोभेचे झाड म्हणून. राहिले गट्टू. ते घट्ट बसवले की जमीन पाणी पीत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. एका अंगणाने पूर थांबत नाही हे मान्य. पण शहर अशा अंगणांचेच झालेले असते.

साहित्याच्या अभ्यासकाला तळ्याकाठचे घर म्हटले की थोरो आठवणारच. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने त्याला मराठीत आणले. त्याने घराभोवती शोभेची बाग केली नाही. सुमारे अडीच एकरांत घेवडा पेरला. वॉल्डनला तळच नाही असे लोक म्हणत. थोरोने १८४६ च्या आरंभी गोठलेल्या तळ्यात दोर सोडला. खोली १०२ फूट भरली. तळ्यावरचे त्याचे प्रेम या मोजण्यात मला अधिक दिसते. सुंदर म्हणणे सोपे असते. ते किती खोल आहे, त्यात काय येऊन मिळते, हे पाहायला काठावर राहावे लागते.

शेवटी आईने विचारले, “तळं पाहायला निंब कशाला तोडायचा? गच्चीवर जा ना.” आणि चर्चेचा सूर बदलला. पण तिच्या गुडघ्यांसाठी सपाट वाट हवी, हा भावाचा मुद्दा बरोबर होता. म्हणून फाटकापासून विहिरीपर्यंत गट्टूंची एक वाट झाली, सांध्यांत सिमेंट न भरता. विहिरीवर डासांसाठी जाळी बसली. हिरवळ रद्द झाली. उताराच्या कडेला चर खणून त्यात वाळा लावला. ज्या वाळ्याच्या ताट्या आपण उन्हाळ्यात कूलरला लावतो, त्याच्या मुळ्या मातीही धरून ठेवतात.

भावाने हे मान्य केले ते आई आहे तोपर्यंत. पुढे घर विकायचे की ठेवायचे, हा प्रश्न तसाच आहे आणि त्याचे उत्तर माझ्या एकट्याच्या हाती नाही. या पावसाळ्यात चर भरला, पाणी काही वेळ थांबले आणि जिरले. रस्त्यापर्यंत गेले ते पूर्वीपेक्षा कमी गढूळ होते. रस्त्यावरून आमच्या घराकडे पाहणाऱ्याला मात्र या अंगणात पाहण्यासारखे विशेष काही दिसणार नाही.