मोठ्या मायचं मीठ

आम्हां ढिवरांच्या घरात मोठी माय मत्स्यबीजाला ‘लेकरं’ म्हणायची. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या मामा तलावावर, म्हणजे माजी मालगुजारी तलावावर, तिची हयात गेली. मासोळीच्या धंद्यात मला जे कळतं, त्याचा पाया तिनं घातला.

मी 19 वर्षांचा होतो. त्या पावसाळ्यात मच्छीमार सोसायटीनं रोहू-कटल्याची अर्धबोटुकली, म्हणजे बोटाहून लहान पिल्लं, आणली. लांबच्या प्रवासानं बीज मलूल झालं होतं. मिठानं ते तरतरीत होतं, एवढं माझ्या कानावर होतं. मी ओंजळी भरभरून खडेमीठ टबांत टाकलं. थोड्याच वेळात बीज वर आलं, गरगर फिरू लागलं आणि एकेक करून कुशीवर कलंडलं. सोसायटीचे पैसे माझ्या डोळ्यांदेखत तरंगत होते.

मोठी माय धावत आली. तिनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

“बापू, हे तर लोणच्याचं पानी झालं.”

यापुढे ती एक शब्द बोलली नाही. जगलेलं बीज तिनं तलावाच्या पाण्यात घेतलं. मग 20 लिटरच्या टबासाठी एक मूठ मीठ लोट्यात विरघळवलं आणि कडेकडेनं, थांबत थांबत सोडलं. मला चाखायला लावलं. जिभेला जेमतेम कळेल इतकंच खारट. उरलेली अर्धबोटुकली त्यात हळूहळू सावरली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, वाढवलेलं बीज काढलं आणि सोसायटीची तूट भरून दिली. त्या वर्षी तिची बोडी रिकामी राहिली. काकांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, “पोरगा शिकला ना!”

तिच्या त्या मुठीचा अर्थ मला पुढे नागपुरात मत्स्यशास्त्र शिकताना उलगडला. माशाच्या रक्तात लिटरला सुमारे 9 ग्रॅम मिठाइतका खारेपणा असतो. आमच्या तलावाच्या पाण्यात अर्धा ग्रॅमही नसतो. म्हणून गोडं पाणी कल्ल्यांतून सतत माशाच्या अंगात शिरत राहतं. मूत्रपिंडं ते बाहेर काढतात आणि कल्ल्यांतल्या पेशी पाण्यातलं विरळ मीठ वेचून आत घेतात. या कामाला विसावा नाही आणि ते खाल्लेल्या अन्नाच्या जोरावरच चालतं. पाण्यात लिटरला दोन-तीन ग्रॅम मीठ असलं, की हा भार हलका होतो. दमलेलं बीज सावरतं, आणि काही जातींची पिल्लं अशा पाण्यात वाढतातही जोमानं. पण खारेपणा रक्ताच्या जवळ गेला, की रोहू-कटल्याची बोटुकली खाणं सोडते, वाढ खुंटते. त्यापुढे पाणी उलट तिच्याच अंगातून ओढलं जातं आणि मर लागते. माझ्या टबांत नेमकं हेच झालं होतं. वर्गात फळ्यावर ती आकृती निघाली, तेव्हा मला आधी मोठ्या मायचा लोटा दिसला.

काही वर्षांनी कामानिमित्त अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात गेलो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या मुलखात विहिरीचं पाणीही खारट. तिथल्या एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात बोटुकली सोडायची होती. पावसाचं पाणी होतं तोवर काळजी नव्हती. पण उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि वर बोअरचं खारं पाणी घातलं की खारेपणा आणखी चढतो. मी मापयंत्र काढण्याआधी बोट बुडवून जिभेला लावलं. बोटुकलीच्या टबात तळ्याचं पाणी तांब्या-तांब्यानं, दोन-अडीच तास मिसळत राहिलो. उन्हाळ्यात दर आठवड्याला खारेपणा मोजायचा, हे शेतकऱ्याला पक्कं सांगितलं आणि खारेपणा आटोक्यात ठेवायला पावसाचं साठवलेलं पाणी राखून ठेवायला लावलं.

गावी परतल्यावर मोठ्या मायला सारं सांगितलं. तिला आता नीट दिसत नाही. अंगणात सुपात धान घेऊन बसली होती. लिटर, ग्रॅम, यंत्र, सगळं तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

“लेकरं जगली?”

“जगली, मोठी माय.”

ती पुन्हा धान निवडायला लागली. तिच्या बोडीतलं ते बीज सोसायटीच्या वहीत कधी चढलंच नाही. म्हणून इथं लिहिलं.